पुण्याच्या कुंभाराचा विलायती वारसदार

माझे मामा शेतकी खात्यात नोकरीला होते. आंब्याची कलमे बांधण्यात त्यांची सारी हयात गेली. निवृत्तीनंतर ते पुण्यात स्थायिक झाले आणि गच्चीवर कुंड्या मांडून बसले. फिरतीच्या नोकरीत जडलेली तंबाखूची सवय मात्र काही सुटली नाही. ज्या बाजूच्या गालात ते चिमूट धरून ठेवायचे, नेमक्या त्याच बाजूला खालच्या हिरडीवर एक जखम झाली. ती काही केल्या भरेना. तपासणीत कर्करोग निघाला. रोग हाडात शिरला होता आणि जबड्याचा चांगला आठ-नऊ सेंटिमीटरचा तुकडा काढावा लागणार होता.

डॉक्टरांनी कागदावर जबड्याची आकृती काढून आम्हाला समजावले. काढलेल्या हाडाच्या जागी काय बसवायचे, हा खरा प्रश्न होता. नुसती टायटॅनियमची पट्टी लावता येते, कमरेच्या हाडाचा तुकडा घेता येतो, पायाचे हाड घेता येते. आम्ही घरातली माणसे गप्प होतो. मामांनी मात्र आपल्या जन्माच्या सवयीने विचारले, की हे कोयकलम म्हणायचे की भेटकलम?

डॉक्टरांना ते कळेना, तेव्हा रुग्णानेच त्यांची शिकवणी घेतली. कोयकलमात झाडावरून तोडून आणलेली काडी कोयीच्या कोवळ्या रोपावर बांधतात. जोडातून रस चढू लागेपर्यंत त्या काडीला स्वतःच्या साठ्यावर तग धरावा लागतो. भेटकलमात कुंडीतले रोपच झाडाच्या फांदीपाशी नेऊन दोघांची साल तासून बांधतात आणि जोड एकजीव होईपर्यंत फांदी आईपासून तोडत नाहीत. डॉक्टर हसले. जबड्याच्या शस्त्रक्रियेतला शंभर वर्षांचा वाद तुम्ही एका प्रश्नात विचारलात, असे त्यांनी मामांना सांगितले.

त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता एक माणूस भेटला, आणि त्याचा मागोवा घेत गेलो तर वाट फिरून पुण्यालाच आली. सर हॅरल्ड गिलीज हे त्याचे नाव. आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. त्यांचे चरित्र सांगायचे तर सुरुवात त्यांच्या जन्माच्या नव्वद वर्षे आधीपासून केली पाहिजे.

पेशवाईतले नाक

तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर कावसजी नावाचा एक मराठी बैलगाडीवान होता. १७९२ साली तो टिपूच्या सैन्याच्या हाती लागला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कुंभाराने त्याला नवे नाक करून दिले. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने १७९४ च्या जानेवारीत कावसजीचे चित्र काढले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली.

त्या कुंभाराचे काम वाचताना मी थक्क झालो. त्याने मेणाची पातळ पोळी नाकाच्या खुंटावर बसवून माप घेतले. ती पोळी कपाळावर पसरून तेवढी कातडी आखली आणि सोलली. मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी न कापता ठेवली. मग ती कातडी पिळून खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. जोडावर काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या बसवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली कापडे ठेवली. भुवयांमधली ती पट्टी त्याने सुमारे पंचविसाव्या दिवशी कापली, कारण तोवर नव्या नाकाला रक्त तिच्यातूनच मिळत होते. मामांना हे वाचून दाखवले तेव्हा ते एकच शब्द बोलले, भेटकलम.

ही हकीकत जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यविशारदाच्या मनात घर करून बसली. त्याने वर्षानुवर्षे मृतदेहांवर सराव केला. १८१४ साली पहिल्या जिवंत रुग्णावर ही शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तेव्हापासून ही पद्धत युरोपात भारतीय पद्धत या नावाने रुळली. पुण्याच्या त्या कुंभाराचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही.

न्यूझीलंडचा खेळाडू

हॅरल्ड गिलीज यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधल्या डनेडिन गावी झाला. आठ भावंडांत ते शेंडेफळ. वडील तिथल्या लोकसभेचे सभासद होते, पण हॅरल्ड चार वर्षांचे असतानाच ते वारले. लहानपणी जिन्याच्या कठड्यावरून घसरताना त्यांचे कोपर मोडले आणि तो हात कायमचा थोडा आखडला. तरीही पुढे केंब्रिजला गेल्यावर हा मुलगा १९०४ साली विद्यापीठाच्या नौकाशर्यतीत उतरला आणि गोल्फमध्ये नाव काढून बसला. चित्रकला, व्हायोलिन आणि खोड्या काढणे हे त्यांचे आणखी छंद. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात शिक्षण पुरे करून १९१० साली ते एफ.आर.सी.एस. झाले आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणून स्थिरावले. पहिले महायुद्ध झाले नसते, तर श्रीमंत गवयांचे घसे तपासण्यात त्यांचे आयुष्य सुखाने गेले असते.

१९१५ साली ते लष्करी वैद्यकीय सेवेत फ्रान्सला गेले. खंदकातल्या युद्धाने जखमांची एक नवीच तऱ्हा निर्माण केली होती. धड मातीआड आणि डोके मात्र वर, त्यामुळे बॉम्बचे तुकडे थेट तोंडावर येत. पूर्वी असे सैनिक मरत. आता ते जगत, पण जबडा नाही, नाक नाही, अन्न गिळता येत नाही, लाळ आवरत नाही अशा अवस्थेत. बुलोन इथे व्हॅलाडिए नावाचे एक दंतवैद्य अशा सैनिकांचे जबडे जुळवत होते. ते आपल्या रोल्स-रॉईस मोटारीत दंतवैद्याची खुर्ची बसवून हिंडत. त्यांचे काम गिलीज यांनी पाहिले. जर्मनांकडच्या लिंडेमान यांचे जबड्यांवरचे पुस्तकही एका अमेरिकन दंतवैद्याने त्यांच्या हाती दिले. शत्रूची विद्या म्हणून त्यांनी ती दूर सारली नाही. मग पॅरिसला जाऊन मोरेस्तँ या शल्यविशारदाला गळ्याच्या कातडीने चेहरा झाकताना पाहिले, आणि आपला मार्ग त्यांना सापडला.

इंग्लंडला परतून त्यांनी वरिष्ठांच्या मागे लकडा लावला. १९१६ च्या जानेवारीत ऑल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात त्यांना स्वतंत्र विभाग मिळाला. रुग्ण आपल्याकडे पोहोचावेत म्हणून त्यांनी पदरच्या पैशांनी स्वतःच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या विकत घेतल्या आणि आघाडीवर वाटायला दिल्या. पुढे खरोखरच कोटाला ती चिठ्ठी लावलेले जखमी येऊ लागले. जुलै महिन्यात सोमची लढाई पेटली. दोनशे रुग्णांची तयारी होती, आले दोन हजार. म्हणून १९१७ साली लंडनजवळ सिडकप इथे केवळ चेहऱ्याच्या जखमांसाठी क्वीन्स हॉस्पिटल उघडण्यात आले. तिथे पाच हजारांवर सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

कोणते हाड?

सिडकपमध्ये आरसे ठेवायला बंदी होती. गावाच्या रस्त्यावरचे काही बाक निळ्या रंगाचे होते. त्यांवर रुग्णालयातले सैनिक बसलेले असतील हे गावकऱ्यांना ठाऊक असे, म्हणजे अवचित कोणी दचकू नये. या माणसांना माणसांत परत आणायचे होते आणि त्यात सर्वांत अवघड काम खालच्या जबड्याचे. नाकाला आकार हवा. जबड्याला आकारही हवा आणि ताकदही, कारण त्याने चावायचे, बोलायचे, जीभ पुढे धरून श्वासाची वाट मोकळी ठेवायची.

गिलीज यांच्या जोडीला केल्सी फ्राय हे दंतवैद्य होते. मऊ भाग तुम्ही सांभाळा, कठीण भागाचे मी बघतो, अशी त्यांनी कामाची वाटणी केली होती. फ्राय उरलेल्या दातांना पट्ट्या बांधून जबड्याचे तुकडे मूळ जागी धरून ठेवत. मधल्या फटीत भरायला त्या काळी मुख्यत्वे तीन हाडे होती.

पहिली बरगडी. ती मुळातच वाकलेली, त्यामुळे जबड्याच्या वळणाला बरी. काढायलाही फार अवघड नाही. पण ती बारीक, पुढे झिजून जाण्याची भीती आणि कवळीचा दाब सोसायला दुबळी. शिवाय काढताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याचा धोका. दुसरी नडगी. हाड टणक, बळकट. पण टणकपणाच आडवा येतो, कारण दाट हाडात नव्या रक्तवाहिन्या फार हळू शिरतात आणि ज्या पायातून ते घेतले तो पाय मोडण्याची शक्यता राहते. तिसरी कमरेच्या हाडाची वरची कड. तिच्या आतला भाग स्पंजासारखा जाळीदार. त्यात रक्त लवकर शिरते, हाड भरपूर मिळते आणि तिचे वळणही जबड्याशी जमते. रुग्ण काही आठवडे लंगडतो एवढेच. अनुभवाने कमरेचे हाड सरस ठरत गेले. दुसऱ्या महायुद्धात गिलीज यांचेच देशबंधू रेन्सफर्ड मोलेम यांनी त्या जाळीदार हाडाच्या लहान लहान चकत्या करून फट भरण्याची पद्धत १९४४ साली प्रसिद्ध केली.

पण गिलीज यांचा खरा धडा हाडाच्या निवडीचा नव्हता. हाड कितीही चांगले आणले, तरी ते ज्या जागेत ठेवायचे ती जागा निरोगी आणि रक्ताने भरलेली नसेल तर हाड मरते, कुजते आणि बाहेर पडते. म्हणून आधी पू पूर्ण जाऊ द्यायचा, किडलेले दात काढायचे, तोंडाच्या आतले अस्तर आणि बाहेरची कातडी नीट करायची, काही महिने थांबायचे आणि मगच हाड बसवायचे. माळी कलम बांधण्याआधी खुंट निरखून बघतो, तसेच हे.

हे थांबणे त्यांना फार महागात पडून कळले होते. भाजून चेहरा गेलेल्या एका तरुण वैमानिकासाठी त्यांनी छातीवरची मोठी कातडी एकाच वेळी उचलून चेहऱ्यावर बसवली. ती सडली आणि १९१८ साली तो मुलगा दगावला. गिलीज यांनी ती चूक लपवली नाही. जे काम उद्यावर टाकणे रुग्णाच्या हिताचे आहे ते आज उरकू नये, हा नियम त्यांनी पुढे आयुष्यभर पाळला आणि शिष्यांना शिकवला.

त्यांच्या हातून घडलेला सर्वांत मोठा शोधही रक्तपुरवठ्याचाच. ३ ऑक्टोबर १९१७ रोजी जटलंडच्या आरमारी लढाईत भाजलेल्या एका खलाशावर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या लक्षात आले, की छातीवरून उचललेल्या कातडीच्या पट्टीच्या कडा आपोआप आत वळत आहेत. मग त्या कडाच एकमेकींना शिवल्या तर? कातडीची नळी झाली. तिचे एक टोक मूळ जागी, दुसरे चेहऱ्यावर. आतले मांस उघडे पडत नाही, त्यामुळे जखम चिघळण्याचा धोका कमी आणि रक्त वाहते राहते. ओडेसाच्या फिलाटोव्ह यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हीच युक्ती शोधली होती. पुण्याच्या कुंभाराने भुवयांमध्ये राखलेल्या चिंचोळ्या पट्टीचीच ही थोरली बहीण. नाक घडवताना तर गिलीज त्या कुंभाराची कपाळाची पद्धतच वापरत.

पुन्हा पुण्याकडे

युद्ध संपले. १९२० साली गिलीज यांचा चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांवरचा ग्रंथ निघाला. शांततेच्या काळात या विद्येला कामच काय, असे म्हणणारे पुष्कळ होते. तरी ते नेटाने टिकून राहिले. सर हा किताब त्यांना १९३० साली मिळाला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बेसिंगस्टोकजवळ रूक्सडाऊन हाऊस इथे पुन्हा मोठे केंद्र उभारले. १९४६ साली ब्रिटनमधल्या प्लॅस्टिक सर्जन्सची संघटना झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. ऑगस्ट १९६० मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एका तरुणीच्या पायावर शस्त्रक्रिया करत असतानाच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १० सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत नोशीर अंटिया नावाचा एक तरुण पारशी डॉक्टर होता. मायदेशी परतल्यावर डॉ. अंटिया यांनी पुण्यात जहांगीर नर्सिंग होममध्ये काम सुरू केले. कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात जाऊन ते कुष्ठरुग्णांचे वाकडे झालेले हात आणि बसलेली नाके दुरुस्त करू लागले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभारला. पुण्याजवळच्या विटभट्टीवरून निघालेली विद्या लंडन आणि सिडकपला जाऊन दीडशेहून अधिक वर्षांनी पुण्याच्याच वेशीवर परत आली, ती पुन्हा नाक गेलेल्या माणसांसाठी. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो.

मामांचा जबडा

गिलीज यांच्यानंतर या कामात एक मोठी उडी पडली. १९७५ साली मेलबर्नच्या इयन टेलर यांनी नडगीशेजारचे बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढून दुसरीकडे जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी त्याच हाडाने खालचा जबडा उभा केल्याचे मांडले. सुमारे पंचवीस सेंटिमीटरपर्यंत हाड मिळते, त्याला खाचा पाडून जबड्याचे वळण देता येते आणि शरीराचे वजन मुख्यतः नडगी पेलत असल्यामुळे माणूस पुन्हा चालू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या हाडाची धमनी आणि शीर गळ्यातल्या वाहिन्यांना शिवली, की हाड लगेच नव्या जागी रक्त पिऊ लागते.

आज बाजारात हाडाला पर्यायही पुष्कळ आहेत. गाईगुरांच्या हाडातला सेंद्रिय भाग काढून उरलेली भुकटी, कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम दाणे, मृत दात्यांचे शुद्ध केलेले हाड. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी आहे. पण हे सगळे म्हणजे बांधकामाची परात-पहाड आहे. त्यावर चढून नवे हाड रचायला गवंडी रुग्णाच्या शरीरातूनच यावे लागतात. दाताच्या मुळाशी पडलेला खड्डा, कृत्रिम दात बसवण्यापूर्वी झिजलेली कड, एवढ्या कामाला ते उत्तम. जबड्याचा अख्खा तुकडाच गेला असेल तर ते पुरत नाही. कमरेचे सुटे हाड सुमारे सहा सेंटिमीटरपर्यंतच्या फटीला भरवशाचे. त्याहून मोठी फट असेल किंवा त्या जागी किरणोपचार व्हायचे असतील, तर स्वतःचे रक्त घेऊन येणारे हाडच हवे. किरणांनी जागेतल्या बारीक रक्तवाहिन्या कमी होतात, मग सुट्या हाडाला कोण पोसणार? नुसती धातूची पट्टी लावली तर आकार राहतो, पण काही वर्षांत ती कातडीतून डोकावण्याची किंवा तुटण्याची शक्यता असते. फार थकलेल्या, लांबलचक शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णाला मात्र कधी तीच हिताची ठरते. म्हणजे सर्वांत चांगले हाड असे काही नसते, त्या माणसाला चांगले असे असते.

मामांची फट मोठी होती, किरणोपचारही व्हायचे होते. पायाच्या रक्तवाहिन्या तपासल्या, त्या ठीक निघाल्या आणि पायाचेच हाड ठरले. शस्त्रक्रिया दहा तास चालली. पहिले काही दिवस परिचारिका दर तासाला येऊन हाडाबरोबर आणलेल्या कातडीचा रंग बघत. ती गुलाबी आहे ना, एवढेच आम्हीही विचारत असू. मामांना नळीतून अन्न जात होते. बोलता येत नव्हते, म्हणून ते पाटीवर लिहीत. एके दिवशी त्यांनी लिहिले, की ही कलमाची तिसरीच जात निघाली; फांदी तोडली खरी, पण लगेच ठिबकच्या नळीला जोडली. काही आठवड्यांनी ते घट्ट वरणभात गिळू लागले. भाकरी अजून दुधात कुस्करूनच लागते, बोलणे थोडे बोबडे आहे, गालाची ठेवण थोडी बदलली आहे. पण गच्चीवर जातात, कुंड्यांना पाणी घालतात.

गिलीज यांच्यापुढचे जबडे बॉम्बच्या तुकड्यांनी गेले होते. २०२१ साली करोनानंतरच्या बुरशीने आपल्या राज्यात कित्येकांचे वरचे जबडे घेतले. पण रोजच्या रोज, गाजावाजा न होता जबडे जातात ते खिशातल्या पुडीमुळे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तंबाखू आणि मिश्री घराघरांत राहिलीच. म्हणून वाचकहो, रविवारी घरातली सगळी माणसे घरात असतात. जो तंबाखू खातो, मिश्री लावतो, त्याला उजेडात बसवून तोंड उघडायला सांगा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर उद्याच डॉक्टरकडे न्या. आमच्या घरात हे कोणी वेळेवर केले नाही.

मामांनी या पावसाळ्यात एक भेटकलम बांधले आहे. शेजारच्या हापूसची फांदी गच्चीपर्यंत आली आहे, तिच्याशी कुंडीतले रोप जोडले आहे. मी विचारले, कधी कापायचे? घाई करू नकोस, असे त्यांनी हातानेच सांगितले.